टोपीकराच्या घरी पारायण

ओल्या केसांना पंचा गुंडाळून मी देवघरात आले, तर पोथीचा चौरंग रिकामा. तांबडा रुमाल घडी घालून ठेवलेला, त्यावर आदल्या दिवशीचं तुळशीपत्र सुकून पडलेलं. पोथी नाही. तिच्या वरखालच्या लाकडी फळ्याही नाहीत.

पडवीत आमचे हे पागोटं बांधत गुणगुणत होते. हे गुणगुणायला लागले की समजावं, काहीतरी करून बसले आहेत.

"अहो, पोथी दिसत नाही ती?"

"पोथी ना?" पागोट्याचं टोक हातातच राहिलं. "अगं, ती साहेबांना दिली. काल. भेट म्हणून. केवढे खूश झाले म्हणून सांगू!"

स्वयंपाकघरातला पळीचा आवाज थांबला. सासूबाई दारात आल्या.

"कुठली पोथी दिलीस, विसू?"

"तीच आपली. कृष्णकथेची. सगुणेच्या वडिलांच्या हातची."

त्या वर्षी आमच्या वाघेरी बंदरात इंग्रज टोपीकरांची वखार नवी नवी होती. मिरी, सुपारी आणि कापड घ्यायचं, गलबतं भरायची आणि विलायतेला पाठवायची, हा त्यांचा उद्योग. वखारीच्या साहेबाचं नाव तलबट. पण त्याचं चित्त मिरीत नव्हतं. गलबत धक्क्याला लागलं की तो आधी विचारायचा, कुणाकडे पोथ्या आहेत का? फारसी असो, कानडी असो, ताडपत्र असो, कागद असो, त्याला सगळं हवं. दुभाषाची जागा ह्यांना कायमची हवी होती. कुणीतरी ह्यांच्या कानात सांगितलं की साहेबाला मोत्यांपेक्षा पोथी प्यारी. मोती आमच्याकडे नव्हते.

"अरे मेल्या," सासूबाई म्हणाल्या, "सुरतेहून ताप घेऊन आला होतास, डोळे पांढरे केले होतेस, तेव्हा ही देवापुढे काय बोलली होती? ह्याच पोथीचा रोज एक अध्याय वाचीन, वाचल्याशिवाय अन्न घेणार नाही. तुझ्या आयुष्यासाठी वाचते ती. आणि तूच आपलं आयुष्य काखोटीला मारून टोपीकराला देऊन आलास?"

हे मट्कन पायरीवर बसले. "माझ्या ध्यानातच आलं नाही गं आई."

"आता आलं ना? मग जा, घेऊन ये."

"दिलेली भेट परत मागू? जागा तर जाईलच, वर बंदरात तोंड दाखवायला नको. विसाजीपंतानं देऊन काढून घेतलं म्हणतील."

खोटं नव्हतं ते. दिलेलं परत मागू नये हे मलाही घरूनच शिकवलेलं. मी रुमाल उचलून पदराखाली घेतला आणि पुन्हा कामाला लागले. दुपारी पानं वाढली. मी बसले नाही. मी बसले नाही म्हणून सासूबाई बसल्या नाहीत. आई बसली नाही म्हणून ह्यांचा घास ताटातच फिरत राहिला. आमटी थंड झाली.

"मी मागत नाही परत," मी म्हटलं. "तिथं जाऊन वाचते रोज. त्यात तर कुणाचा कमीपणा नाही?"

"तिथं? वखारीत? टोपीकराच्या घरी?"

"पडवीत बसेन. आल्यावर विहिरीवर डोक्यावरून नाहीन."

"मी जाईन हिच्याबरोबर," सासूबाई म्हणाल्या. जरा जास्तच लगेच म्हणाल्या. टोपीकर आत खाटेवर झोपतात की पेटीत, यावर बंदरातल्या बायका वर्षभर वाद घालत होत्या.

साहेब उंच, नाकाचा शेंडा उन्हानं सोललेला, डोक्यावर खांद्यापर्यंत कुरळे केस. ह्यांच्याकडून मराठी शिकलेला, त्यामुळे ह्यांच्यासारखंच बोलायचा. आम्हाला बघून त्यानं वाकून नमस्कार केला आणि सासूबाईंना म्हणाला, "या आई. आमचं घर पावन झालं."

"मेल्या, मी तुझी आई कधी झाले?" सासूबाई पदर सावरत म्हणाल्या. पण मला त्यांचा चेहरा दिसला. रागावल्या नव्हत्या.

ह्यांनी सगळं समजावलं. समजावताना तीनदा पागोटं सावरलं. साहेब ऐकत होता. मग आत गेला आणि पोथी घेऊन आला. काखेत मारून.

"काखेत!" सासूबाईंनी कानांवर हात ठेवले.

मी डोळे खाली घालून म्हटलं, "साहेबांना सांगा, पोथी दोन्ही हातांवर धरतात."

त्यानं लगेच धरली. ऐकणारा माणूस होता, एवढं मी त्याच्याबद्दल शेवटपर्यंत म्हणेन. मग माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाला, "विसाजीपंत, बाई मोठ्यानं वाचतील का? मीही ऐकेन. ही अक्षरं एकमेकांना चिकटून बसतात. एक शब्द कुठे संपतो, दुसरा कुठे सुरू होतो, मला दिसत नाही."

"मग घेतली कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"मी गोळा करतो, आई."

"वाचता येत नाही ते गोळा करतोस?"

त्यानं दार उघडून आतली खोली दाखवली. भिंतभर फळ्या, फळ्यांवर पोथ्या आणि त्यांची ती जाड, पाठीकडून शिवलेली, कातड्यातली पुस्तकं. खिडकीपर्यंत रास. मिरीच्या वखारीत मिरी नव्हती एवढी पुस्तकं.

"किती वाचलीस यातली?"

साहेबानं दोन्ही हात पसरले. हे दुभाषे, पण तेव्हा काही सांगावं लागलं नाही. सासूबाई खिडकीपर्यंतची रास पाहून हळहळल्या, जसं कुणाच्या गोठ्यात न दोहलेल्या गाई हंबरताना पाहून हळहळावं.

"माझ्या देशात तुमच्याकडच्या पोथ्या बाळगणारे लोक आहेत," साहेब म्हणाला. "पण पोथी ऐकलेला एकही नाही."

मी पहिला अध्याय वाचला. पोथी माझ्या घरातून अर्ध्या वाचनात उठली होती, म्हणून पहिल्यापासून सुरुवात करणं भागच होतं. माझा आवाज मुळातच बारीक. साहेब ऐकायला पुढे पुढे सरकत पडवीच्या कडेला आला आणि तोल जाऊन अंगणात उतरला. सासूबाईंना त्या दिवसापासून तो आवडायला लागला असावा, कारण घरी येताना त्या त्याला तळपटसाहेब म्हणू लागल्या. ज्याचा खरा राग यायचा त्याचं त्या नावच घेत नसत.

तिसऱ्या चौथ्या दिवशी ह्यांनी जेवताना सहज सांगितलं, "गलबतावर पुस्तकं बांधणारा एक कारागीर आहे म्हणे. साहेब म्हणतात, आपली पोथी सुटी पानं आहे, हरवेल. पाठीला शिवून घेणार. वासराच्या कातड्यात. मग फाल्गुनी पौर्णिमेला गलबत सुटतं, त्यातून विलायतेला."

वासराच्या.

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. दादांनी, माझ्या वडिलांनी, ती पोथी माझ्या लग्नाआधी दोन पावसाळे बसून उतरवली होती. बोरू झिजले की नवे तासायचे. एखादं अक्षर चुकलं की त्यावर पिवळी हरताळ फासायची, वाळू द्यायची आणि वर पुन्हा लिहायचं. पोथीचं पान हाताळायच्या आधी हात धुवायचे आणि धुतल्यावर पुन्हा एकदा धुवायचे. आंदण म्हणून त्यांनी मला तेवढंच दिलं. पुराणिकाच्या घरात तेवढंच होतं.

"बोलत का नाहीस?" ह्यांनी विचारलं.

"काय बोलू? त्यांची पोथी, त्यांचं वासरू," मी म्हटलं.

सासूबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मी एवढं हळू बोलले की त्यांना काळजी वाटते.

दुसऱ्या दिवशी वाचन झाल्यावर मी ह्यांना म्हटलं, "साहेबांना विचारा, पोथी रात्री कुठं असते?"

पोथी टेबलावर असायची. टेबलावर तो जेवायचा.

"त्यांना सांगा, ज्या घरात वाचन बसलंय त्या घरात पोथीला स्वतंत्र चौरंग लागतो. वाचन त्यांच्या घरी सुरू झालं, तेव्हा यजमान तेच. समाप्तीपर्यंत पोथी उंबरा ओलांडत नाही, तिला सुई लागत नाही."

साहेबानं कानामागे हात धरून ऐकलं. "यजमान मी?"

"हो तर," हे अभिमानानं म्हणाले. "मोठा मान आहे तो, साहेब."

चौरंग आला. त्यापुढे समई आली. त्यानंतर मी रोज एक अध्याय वाचत गेले, आणि रोज जाता जाता एखादी गोष्ट ह्यांच्या कानावर घालत गेले. एकही नियम मी पदरचा घातला नाही. आमच्या घरी पाळतो तेच. फक्त सगळे एका दिवशी सांगितले नाहीत.

चौरंगाच्या खोलीत पायताण चालत नाही. साहेब अनवाणी झाला. त्याचे पाय पाहून सासूबाई दिवसभर हसत होत्या, "सोललेल्या केळ्यासारखे गं!" यजमानानं ऐकायला बसताना स्नान केलेलं असावं. टोपीकरांना स्नानाचं वावडं, असं बंदरात सगळे सांगत. पहिल्या दिवशी विहिरीवर साहेबानं अंगावर पाणी घेतलं तेव्हा आरडाओरडा धक्क्यापर्यंत ऐकू गेला. आठ दिवसांनी तो स्वतःच म्हणाला की बरं वाटतं.

केसांचं सासूबाईंनीच काढलं.

"साहेब, एवढ्या उन्हात हे केस राखतोस कसे?"

साहेबानं ते सगळे केस टोपीसारखे उचलून हातात घेतले. खाली भादरलेलं गुळगुळीत डोकं. सासूबाई किंचाळल्या, मग जवळ येऊन वाकून बघू लागल्या.

"कुणाचे रे हे केस?"

"माहीत नाही, आई. विकत मिळतात."

"मेलेल्याचे असले तर? अशौच नाही का? ठेव तिकडे बाहेर!"

कुरळे केस बाहेर खुंटीला टांगले गेले. त्यात चिमणीनं काड्या आणून घातल्या.

मग मी मांसाचं सांगितलं. वाचन चालू आहे तोवर त्या छपराखाली मांस शिजत नाही आणि मद्य उघडत नाही. हे सांगताना मी पोथीकडे पाहत होते, साहेबाकडे नाही. 

"समाप्तीपर्यंत?" साहेबानं विचारलं.

"समाप्तीपर्यंत."

त्याचा बावर्ची पेद्रू गोव्याकडचा ख्रिस्ती. दुसऱ्या दिवशी आम्ही निघताना तो वाटेत उभा. "बाय, ह्या कथेक अंत केन्ना?"

"का रे?" सासूबाईंनी विचारलं.

"आज डाळ. काल डाळ. फाल्या लेगीत डाळ. वखारींतलो धाकटो साहेब म्हणटा, हांव गलबतार वचून जेवतां. हांवें रांदप कित्याक शिकलें?"

स्वयंपाक कशाला शिकलो म्हणतो, म्हणून सासूबाईंनी त्याला तिथंच भोपळ्याचं भरीत कसं करायचं ते सांगितलं. दही कधी घालायचं, फोडणी कधी द्यायची. पेद्रू डोळे पुसत ऐकत होता. सासूबाई म्हणाल्या, बघ, किती मन लावून ऐकतो.

राहता राहिली पुस्तकं. ते मी शेवटच्या पंधरवड्यासाठी ठेवलं होतं.

"साहेबांना विचारा, भिंतीवर आहे ते कातडं कशाचं?"

साहेब उभा राहिला. एकेक पुस्तक हातात घेऊन सांगू लागला. हे वासराचं. हे मेंढीचं. हे डुकराचं. डुकराचं ऐकल्यावर हे भिंतीला टेकले.

"पोथी आणि कातडं एका खोलीत," मी अगदी हळू म्हटलं, "कसं व्हायचं?"

आता हा चिडणार, असं मला वाटलं. मनातून वाटतच होतं की चिडावा. चिडून म्हणावं, न्या तुमची पोथी, सुटलो एकदाचा. तेवढ्यासाठीच तर इतके दिवस एकेक खिळा ठोकत आले होते. साहेब खिडकीपाशी गेला, बराच वेळ बाहेर बघत राहिला. मग त्यानं बाह्या वर सरकवल्या आणि पहिली रास स्वतः उचलली.

दुसऱ्या दिवसापर्यंत सगळी पुस्तकं मिरीच्या गोदामात गेली. मोकळ्या भिंती, मधे एक चौरंग, त्यावर दादांची पोथी. पुस्तकवेड्याच्या घरात एकच पुस्तक उरलं. साहेबाच्या अंगाला मिरीचा वास येत होता, शिंका येत होत्या, आणि तो मांडी घालून बसला होता. मांडी आता नीट जमायची.

"बाई, वाचा," तो म्हणाला. "काल कृष्णाच्या रथामागे शत्रूचं सैन्य लागलं होतं. तो सुटला का?"

तो राहवत नसल्यासारखा पुढं वाकला आणि त्यानं खालचं पान उलटून बघायला हात घातला.

"अं हं," मी म्हटलं. "पुढचं पान आधी उलटत नाहीत. ज्या दिवसाचं त्या दिवशी. घरी एकटी असले तरी मी बघत नाही."

"कधीच नाही?"

"नेम म्हणजे नेम."

त्यानं मान हलवली आणि हात मागे घेतला. त्या दिवशी घरी येताना सासूबाई म्हणाल्या, "सगुणे, हा काही रागवायचा नाही गं. तू डाळ खाऊ घाल, विहिरीत बुडव, हा हसतच राहणार. आता?"

"आता समाप्ती," मी म्हटलं.

समाप्तीचा दिवस पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आला. तो तसा यावा म्हणून मी मधल्या दोन लांब अध्यायांचे दोन दोन भाग केले होते. खाडीत गलबत उभं होतं. साहेबाच्या पेट्या धक्क्यावर चालल्या होत्या. त्याला सुरतेच्या वखारीत बोलावणं आलं होतं, तो त्याच गलबतानं तिथवर जायचा होता आणि पोथी पुढं विलायतेला. ह्यांची दुभाषाची जागा मात्र त्यानं कायम केली होती. ते कालच गुणगुणत घरी आले होते.

शेवटचा अध्याय वाचून झाला. मग शेवटचं पान. त्यावर कथा नव्हती, दादांच्या चार ओळी होत्या. त्याही मी वाचल्या: ही पोथी नारोभट पुराणिक यानं लेक सगुणा हिच्या पठणासाठी उतरली, जसं दिसलं तसं लिहिलं, चूक असेल ती वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावी.

"ही पण कथा आहे?" साहेबानं विचारलं.

"ज्यानं लिहून काढली त्याचं नाव आहे," हे म्हणाले.

"तेही वाचतात?"

"लिहिलेलं अक्षर गाळत नाहीत," मी म्हटलं. "वाचनाच्या पुण्यात लिहिणाऱ्याचा वाटा असतो. त्याचं नाव घेतलं की त्याला पोचतो."

"आणि तो मरून गेला असला तर?"

"तरी पोचतो. जोवर पोथी वाचली जाते, तोवर."

साहेब मोकळ्या भिंतींकडे पाहत बसला. पेद्रूनं केलेला शिरा आला, सासूबाईंनी विहिरीवर उभं राहून त्याच्याकडून तो सोवळ्यात करून घेतला होता. नैवेद्य झाला. आता हात जोडून साहेब म्हणाला, "विसाजीपंत, यजमानाचं आणखी काय राहिलं?"

हा प्रश्न मला कितीतरी दिवस हवा होता. मी पदराचा काठ धरून खाली पाहत राहिले. मला बोलावं लागलंच नाही. नवे दुभाषे फुलून आले होते.

"दक्षिणा, साहेब! समाप्तीला यजमान वाचणाऱ्याला दक्षिणा देतो. वाचणारा मागेल ते द्यायचं. तिथं मागंपुढं पाहायचं नाही. वाचणारा विन्मुख गेला, तर ऐकलेलं सगळं वाया. स्नानं वाया, डाळ वाया, सगळं वाया!"

"मागेल ते?"

"मागेल ते. रीतच आहे तशी. कुणालाही विचारा."

"मग बाईंना विचारा, काय हवं?"

हे माझ्याकडे वळले. मला वाटतं, सोन्याची एखादी नथ त्यांच्या डोळ्यांपुढे असावी.

मी म्हटलं, "साहेबांच्या संग्रहातली एक पोथी हवी."

ह्यांचा चेहरा उतरला. सासूबाईंनी पटकन तोंडाला पदर लावला.

"कुठली?" साहेबानं विचारलं.

"ज्या वाचायच्या राहिल्यात त्या राहू देत साहेबांना. एक वाचून झाली आहे. तीच द्यावी."

हे दुभाषे. पण ते माझं म्हणणं साहेबाला सांगायचं विसरून माझ्याकडे बघतच राहिले. साहेबाला कुणी सांगायची गरजही नव्हती. त्याचं सोललेलं नाक आधी लाल झालं, मग कान, मग भादरलेलं डोकं. आणि मग तो हसायला लागला. हसता हसता मांडी सुटली, डोळ्यांत पाणी आलं. बाहेरून पेद्रू धावत आला.

"विसाजीपंत," तो धापा टाकत म्हणाला, "तुम्ही मला भेट दिली. तुम्ही परत मागितली नाही."

"नाही साहेब! शपथ साहेब!"

"नाही. मी दक्षिणा दिली. मी." त्यानं मला हात जोडले. "बाई, बंदरोबंदरी इतकी वर्षं व्यापार करतो. माझी एवढी बारीक चाळणी कुणी केली नव्हती. दिली. पण एक विनंती. आजची रात्र पोथी इथं राहू दे. मी निरोप घेतो."

मी घुटमळले.

"आमच्याकडे समाप्तीची पोथी त्या रात्री जागेवरच विसावते," सासूबाईच बोलून गेल्या. "राहू दे की गं. एवढी डाळ खाल्लीय त्यानं."

नियम होताच तो. मी नाही कशी म्हणणार?

सकाळी मी तांबडा रुमाल घेऊन गेले. साहेब स्नान करून, अनवाणी, पोथी दोन्ही हातांवर घेऊन उभा होता. त्यानं ती ह्यांच्या हातात दिली, ह्यांनी माझ्या. फळ्यांना त्यानं नवी दोरी बांधली होती, सुती. सासूबाईंच्या पायाशी वाकून तो म्हणाला, "येतो, आई." सासूबाई म्हणाल्या, "लांबूनच, लांबूनच!" आणि गलबत खाडीच्या तोंडाबाहेर जाईपर्यंत धक्क्यावर उभ्या राहिल्या.

त्या दिवसापासून मी पुन्हा पहिल्या अध्यायाला बसले. रोज एक. ज्या दिवसाचं त्या दिवशी. पुढचं पान उलटून पाहणं माझ्या नेमात नव्हतं आणि हे ज्याला ठाऊक होतं तो तोवर सुरतेला पोचून स्थिरावलाही असेल.

वैशाखात समाप्ती आली. हे ऐकायला बसले होते, सासूबाई वाती वळत होत्या. शेवटचं पान हाताला लागलं आणि मी थांबले. पान जाड होतं. आमच्याकडचा कागद तसा नसतो. उजेडाकडे धरलं तर आत पाण्यात पडल्यासारखी एक पुसट घागर दिसत होती, टोपीकरांच्या कागदात असते तशी. कातरीनं बरोबर मापाला कापलेलं. त्यावर अक्षरं आमचीच, पण तिरपी, खेकडे वाळूवरून एका अंगानं पळावेत तशी.

"थांबलीस का?" सासूबाई म्हणाल्या.

दादांच्या चारही ओळी होत्या. एक कानामात्रा इकडची तिकडे नव्हती. दादांचं पान मात्र नव्हतं. आणि खाली आणखी ओळी होत्या, त्या दादांच्या नव्हत्या.

"सासूबाई, इथं तळपटसाहेबाचं नाव आहे."

ह्यांनी पान हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. "चोरलं! अगं, शेवटचं पान चोरलं त्यानं! माझ्या साहेबानं!"

"काय लिहिलंय?" सासूबाईंनी विचारलं.

"'हे पान तलबट टोपीकर यानं उतरलं. जसं दिसलं तसं लिहिलं. चूक वाचणारीनं सुधारून घ्यावी.'" ह्यांनी रागारागानं वाचलं.

मधे एका जागी हरताळ फासलेली होती. ओबडधोबड, बोटाचा ठसा उमटलेली. त्याखाली त्यानं आधी काय लिहिलं होतं, देव जाणे.

सासूबाई वाती खाली ठेवून बसून राहिल्या. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं, रडतात.

"अगं सगुणे," त्या म्हणाल्या, "तुझे वडील जन्मात खाडीपलीकडे गेले नाहीत. आणि आता त्यांच्या हातचं पान समुद्र ओलांडून गेलं! प्रायश्चित्त कुणी घ्यायचं गं?"

"हसता काय?" हे ओरडले. "पान फाडून टाकू का हे?"

"फाडशील तर! लिहिलेलं अक्षर आहे ते. वाच गं सगुणे. गाळायचं नाही, तूच सांगितलंस ना त्याला?"

मी वाचलं. तलबट टोपीकर, असं आमच्या देवघरात, समईपुढे, स्पष्ट वाचलं.

सासूबाई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. वाघेरीला वखार नाही, जागेवर रान माजलंय. हे मात्र ठणठणीत आहेत, म्हणजे नेम लागू पडला म्हणायचा. समाप्तीला सुना, नाती जमतात. शेवटचं पान आलं की पोरी एकमेकींना कोपरानं ढोसतात, आणि हे खोकल्याचं निमित्त करून उठून अंगणात जातात. मी आवाज चढवत नाही, उतरवत नाही. आधी दादांचं नाव, मग त्याचं.

त्याला वाटा पोचतो की नाही, मला माहीत नाही. पण वाटा घ्यायचा तर नियमही घ्यावे लागतात. म्हणून दर समाप्तीला हात जोडले की मी देवाला एवढं हळूच सांगते, की तो जिथं असेल तिथं, आज त्याच्या पानात डाळच वाढ.